घरी बोलली जाणारी भाषा

९ ऑक्टोबर, मंगळवार

खोटं लिहिलं. चौसष्टाव्या वर्षी, निळ्या शाईने, स्वच्छ अक्षरात. शाळेतल्या मदर पेर्पेतुआंनी पट्टी हातात घेऊन गिरवून घेतलेलं हे अक्षर – म्हणून जास्तच लागलं.

फॉर्म नातीच्या, फिओरेलाच्या शाळेचा. लिमातली चिनी शाळा येत्या मार्चपासून पाच वर्षांच्या मुलांसाठी नवा वर्ग काढते आहे. सकाळभर सगळं चिनीतच. गाणी चिनीत, गोष्टी चिनीत, नाक पुसायला सांगणंसुद्धा चिनीत. जागा वीस. रांग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. आणि नियम असा, की ज्या घरात चिनी बोलतात त्या घरच्या मुलांचा विचार आधी.

रकाना अकरा : घरी बोलली जाणारी भाषा.

पेन थांबलं. लेक येसेनिया फार्मसीत ड्यूटीवर, मी एकटीच. मागची बाई म्हणाली, "आटपा ना सेन्योरा, आमचंही नातवंडच आहे." लिहिलं – स्पॅनिश. मग स्वल्पविराम दिला. मग लिहिलं – चिनी, थोडी.

थोडी! शून्याला थोडी कुठे म्हणतात?

१० ऑक्टोबर

येसेनियाला सांगितलं. लेक हसतच सुटली. "आई, तू? कंडक्टरने चुकून जास्त दिलेली मोड परत करायला दोन स्टॉप चालत गेलेली तू?" मग जांभळ्या झग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तेही प्रभूच्या महिन्यात. अंगावर नवसाचे कपडे घालून."

चमत्कारांच्या प्रभूच्या नवसाचं म्हणून ऑक्टोबरभर मी जांभळंच घालते, आई घालायची तसं. आज रात्री झगा खुंटीला अडकवताना त्याच्याकडे पाठ केली.

१४ ऑक्टोबर, रविवार

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते इथे तरी लिहून ठेवते.

ऑगस्टमध्ये बालवाडीत मुलांनी फिओरेलाला गराडा घातला. डोळे तिने माझ्या चिनी वडिलांचे घेतलेत. "तू चिनी ना? मग बोल चिनीत!" तिने काय करावं – दोन्ही हात कमरेवर ठेवून, "चिन चुन चान, चिन चुन चान!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मला तोच खेळ करून दाखवला. खूश होती. माझ्या हातातली बशी तिथेच राहिली.

येसेनिया म्हणाली, "मुलं आहेत, सोड. त्यापेक्षा इंग्रजी शाळेत घालू. पुढे उपयोग होईल." मी म्हटलं, चिनीच. म्हणाली, "का पण?" मला सांगता आलं नाही. पाच वर्षांच्या पोरीने जे केलं ते सातव्या वर्षी मी केलं होतं, हे लेकीला कसं सांगायचं?

२१ ऑक्टोबर, रविवार

आज मिशन रविवार. चर्चच्या दाराशी शाळेच्या मुली दानपेट्या घेऊन उभ्या होत्या. साधे पुठ्ठ्याचे डबे. आमच्या वेळी डबे नव्हते – डोकी होती. चिनी मातीची डोकी. एक काळं, एक तांबूस, पिसं खोवलेलं, आणि एक पिवळं – तिरपे डोळे, मिशीच्या दोन शेपट्या, माथ्यावर खाच. "बिचाऱ्या चिनी बाळांसाठी!" असं म्हणत वर्गावर्गातून फिरायचं. पिवळं डोकं दर वर्षी माझ्याकडे. मदर म्हणायच्या, "एउडोसियाला शोभतं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर.

मी सात वर्षांची होते त्या वर्षी बिशप आले होते. मला रेशमी पायजमा घालून स्टेजवर उभं केलं. आपल्या प्रभूची प्रार्थना चिनीत म्हणून दाखव! मदरना वाटलं, बाप चिनी म्हणजे मुलीला येणारच. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मला एक शब्द येत नव्हता. पापा आमच्याशी मोडक्या स्पॅनिशमध्येच बोलत. "पोरं इथली, बोलणं इथलं," असं त्यांनीच ठरवलेलं. आई तर इथल्याच कान्येतेकडची, तिला चिनी कुठून येणार?

मी डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते बरळले. यात-यी-साम-सेई, अंग-लूक, छात-पात-काऊ-सप! परत पहिल्यापासून. तीनदा, चारदा. शेवटी आमेन.

बिशपनी डोळे पुसले. केवढ्या टाळ्या!

पापा शेवटच्या बाकावर बसले होते. हॅट गुडघ्यावर. दर रविवारी ट्रामने यायचे वसतिगृहात मला भेटायला, तसे त्याही दिवशी आलेले. मी डोळे उघडले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, मनातल्या मनात शिव्या देताहेत. त्यांच्या भाषेचं माकड करून नाचवलं मी, अख्ख्या गावासमोर. फाटकापाशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ट्राम गाठायला निघून गेले.

मी चौदाची असताना ते गेले. विचारायचं राहून गेलं. माफी मागायचीसुद्धा.

सत्तावन्न वर्षं झाली. पापनिवेदनात सोडून कुणाला सांगितलं नाही.

३ नोव्हेंबर, शनिवार

निकानोरच्या चिफात गेले होते. चिफा, म्हणजे चिनी खाणावळ, पापांनी काढलेली – आठ टेबलं, एक पंखा, एक लाल कंदील. आता धाकटा भाऊ चालवतो. त्याला म्हटलं, मुलाखत चोवीसला आहे, पोरीला चार चिनी शब्द शिकव.

म्हणाला, "ताई, पापा गेले तेव्हा मी चार वर्षांचा. माझा खानसामा हुआंकायोचा. वाढणारी पोरगी पिउराची. इथे चिनी कोण? तो कंदील!"

तरी बसलो. त्याने बोटं मोजली – सारण भरलेलं वानतान, परतलेला भात चाउफा, काळा सॉस सिल्याओ, किओन. मी म्हटलं, किओन चिनी कसला, स्पॅनिशच आहे. आलं म्हणजे किओन, कुणालाही विचार. तो हसत बसला. माद्रिदला गेला होता तेव्हा भाजीवाल्याकडे किओन मागितलं म्हणे. तो म्हणाला, इथे त्या नावाचं कोणी राहत नाही.

म्हणजे अख्खी लिमा रोज एक चिनी शब्द तोंडात घोळवते आणि कुणाला पत्ता नाही!

निघताना भटारखान्यात डोकावले. पिठाचा वास. मला पापांचं इथलं एवढंच आठवतं – मी टेबलाखाली, वर त्यांचे पांढरे हात वानतान मिटताहेत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणं चाललंय. थांबायचे, परत सुरू. आई सांगायची, जपमाळ ओढताहेत, त्यांना त्रास देऊ नकोस.

२३ नोव्हेंबर

उद्या. नातीला घोकून घोकून विचारलं, हे काय? किओन. हे काय? सिल्याओ. हे काय? "ममामा, हे तुझं नाक आहे," म्हणाली.

२४ नोव्हेंबर, शनिवार

झालं. हसून हसून पोट दुखतंय. सविस्तर लिहिते.

छोटा वर्ग, गोल टेबल, पाच मुलं. आम्ही मोठी माणसं भिंतीपाशी बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला. बोलायचं नाही, खूण करायची नाही. बाई – मिस लिन. तिशीतली, सडसडीत, चीनच्या अगदी वरच्या टोकाची, जिथे नदी गोठते म्हणे; पापा पार खालच्या टोकाचे. त्या मुलांशी फक्त चिनीत बोलणार. मुलांना येतं का ते बघायचं नाही, मुलं काय करतात ते बघायचं, असं दारावर लिहिलं होतं. मला ते खरं वाटलं नाही. माझा रकाना अकरा त्यांच्या समोरच्या कागदावर होता. लांबूनही माझं अक्षर ओळखलं मी.

चित्रं झाली. फुगा, मांजर. फिओरेला गप्प. आल्याचं चित्र आलं. ती ओरडली, "किओन!" मिस लिननी मान तिरकी केली. त्यांच्या तोंडून दुसरंच काही निघालं – च्यांग की काय. गेलं, म्हटलं. चार शब्दांतला एक वाया.

मग त्यांनी टेबलाखालून खेळण्यातल्या बश्या काढल्या, वाट्या काढल्या, टाळी वाजवून म्हणाल्या, "चिफान! चिफान!"

चार मुलं बश्यांकडे बघत राहिली. एक रडायच्या बेतात. आणि माझी नात – उठली. कोपऱ्यातले कागदी रुमाल घेतले. प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ठेवला, तिकोनी घडी घालून, निकानोरने शिकवली तशी. मग डावा तळहात वहीसारखा धरला, उजव्या हाताचं बोट पेनासारखं, आणि मिस लिनपाशी जाऊन म्हणाली, "काय आणू सेन्योरिता? चाउफा की शेवया? सूप आज गरम आहे."

चिफा ऐकलं होतं तिने! चिफा म्हणजे मामाआजोबांचं दुकान. दुकान उघडलं म्हणजे गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक आलं म्हणजे रुमाल.

मिस लिननी ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते. कागदावर काहीतरी लिहिलं. रकाना अकराच्या बाजूला.

बाहेर आल्यावर एका आजोबांनी मला नमस्कार केला. "घरात भाषा जपलीत हो," म्हणाले. मी जमिनीकडे बघितलं.

५ डिसेंबर, बुधवार

मिळाली! विसात सतरावं नाव. तीनदा वाचलं. येसेनियाने फार्मसीतून फोनवर किंकाळी मारली – गिऱ्हाईक घाबरलं म्हणे. निकानोरने अख्खं भाजलेलं बदक पाठवलं. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

६ डिसेंबर

जेवण अंगी लागलं नाही. एकविसाव्या, बाविसाव्या नंबरचं मूल डोळ्यांपुढे येतंय. एकविसावं कुणाचं असेल? कदाचित त्याच्या घरी खरंच बोलत असतील.

९ डिसेंबर, रविवार

फादर सेल्सोंकडे पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं. जाळीपलीकडून जांभई ऐकू आली. मग म्हणाले, "सेन्योरा एउडोसिया, देवाला चिनी येतं. त्याला ठाऊक आहे तुम्हाला किती येतं ते. पण प्रवेश मी देत नाही. ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना खरं सांगा."

येसेनियाला सांगितलं तर ती भडकली. "आणि जागा गेली तर? तुझ्या मनाच्या शांतीसाठी माझ्या पोरीने चिन चुन चान करत मोठं व्हायचं?"

बरोबरच होतं तिचं. रात्री दोघी भांडी विसळत होतो. मग तीच म्हणाली, "जा. नाहीतर जन्मभर तुझा हा चेहरा बघावा लागेल मला."

१२ डिसेंबर, बुधवार

गेले. निळा ड्रेस घातला, मोत्याचे कानातले घातले. बोहल्यावर चाललेय की फासावर, समजत नव्हतं.

मिस लिन एकट्याच होत्या, खिडकीला कागदी मासे चिकटवत. स्टुलावरून उतरल्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आमच्या घरी चिनी कोणी बोलत नाही. माझ्या वडिलांबरोबर गेली ती. माझ्या नातीला तुमचा शब्द कळला नव्हता, तिला खाणावळ आठवली. जागा परत घ्या, पण माझ्यावर रागवा, तिच्यावर नको.

त्यांचं स्पॅनिश तुटक आहे. शब्द उचलून उचलून ठेवतात, काचेचे असल्यासारखे. म्हणाल्या, "फॉर्म ऐंशी. ऐंशीमध्ये 'चिनी, थोडी' – किती, सांगा?"

मी खिडकीतले मासे मोजू लागले.

"त्र्याहत्तर," म्हणाल्या.

मी खालीच बसले. त्या बुटक्या खुर्चीवर. मदत केल्याशिवाय उठता येणार नाही हे बसल्यावर लक्षात आलं.

"रकाना अकरा मी बघत नाही," म्हणाल्या. "ऑफिस बघते. मी मुलं बघते. बाकी मुलं – कळेपर्यंत बसून राहिली. तुमची – एक शब्द ओळखीचा वाटला, उठली. चुकीचा ओळखला, तरी उठली. भाषा अशीच येते. उठणाऱ्याला." मग जरा थांबून हसल्या. "आणि चुकीचा नाही ओळखला. चिफान म्हणजे जेवा. तुमच्या दुकानांचं नाव त्यातूनच आलं. इथे पहिल्या दिवशी पाटी वाचली – चिफा, चिफा, चिफा. मला वाटलं, अख्खं शहर मला जेवायला बोलावतंय."

मला रडूच आलं. त्यांनी मला कागदी मासा दिला, डोळे पुसायला. दुसरं काही हाताशी नव्हतं.

येताना बसमध्ये उभी होते तरी पाय दुखले नाहीत. येसेनियाने दारातच विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "आहे." तिने मला मिठी मारली, वर म्हणाली, "आता तरी भात खा."

शांत झोपले. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा.

११ मार्च, सोमवार

पहिला दिवस. उन्हाळा अजून सरलेला नाही, नव्या गणवेशात पोरगी घामाघूम. मी रुमाल, पाण्याची बाटली, वर धीराचे चार शब्द तयार ठेवले होते. ती फाटकातून आत गेली ती गेलीच. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. रुमाल माझ्याच कामी आला.

एक धास्ती मनात होती, ती इथे लिहिते. वर्गात स्पॅनिश नाही, हा नियम. आमच्या शाळेतही नियम होते. एक मुलगी मैदानात आपल्या आजीची भाषा बोलली म्हणून मदरनी तिच्या जिभेवर साबण लावला होता. भाषा बंद करून भाषा शिकवायची – हे पुन्हा तेच तर नाही?

साडेबाराला सुटली. विचारलं, मिस लिन स्पॅनिश बोललेलं चालवून घेतात का?

"आम्ही बोलतो. मिस चिनी बोलते. मी म्हटलं शू लागली, तर मिस चिनीत काहीतरी म्हणाली आणि घेऊन गेली." मग माझा कान खाली ओढून, "ममामा, मिसला स्पॅनिश येतं. ती खोटंखोटं करते, न आल्याचं. तिला सांगू नकोस आपल्याला कळलंय ते. तिला वाईट वाटेल."

नाही सांगणार.

१५ मार्च

जेवायच्या आधी फिओरेला सगळ्यांना उभं करून "चिफान!" म्हणायला लावते. येसेनिया थकून येते, तीही म्हणते. घरी बोलली जाणारी भाषा – आता एक शब्द तरी खरा.

१९ मार्च, मंगळवार

बालवाडीतला जुना मित्र बागेत भेटला. "चिनीत बोल," म्हणाला. मी बाकावरून बघत होते. फिओरेलाने कमरेवर हात ठेवले नाहीत. शांतपणे त्याच्या नाकाकडे, कानाकडे, बुटाकडे बोट दाखवत एकेक नाव सांगितलं. तो म्हणाला, "मलापण शिकव." दोघं झोपाळ्यावर गेली.

मी पर्समधली जपमाळ काढली. काही मागायला नव्हे. नुसती हातात धरून बसले.

२४ मार्च, रविवार

दुपारी निकानोरच्या भटारखान्यात वानतान मिटत होतो, मी आणि फिओरेला. ती एकेक मोजून ताटात ठेवत होती, शाळेतलं चिनी मोजणं – यी, अर, सान, स, वू, लिऊ. सहावर अडकली. लिऊ... लिऊ... मी पाण्याने कड ओली करत होते, बोटांकडे बघत. आणि माझं तोंड आपोआप म्हणालं – छात, पात, काऊ, सप.

"काऊ नाही गं ममामा! चिऊ! सात, आठ, नऊ – नऊ म्हणजे चिऊ! तू जुनं मोजतेस!"

वानतान मिटताना पापा पुटपुटायचे ती जपमाळ नव्हती. स्टेजवर मी बरळले नव्हते. एकपासून दहापर्यंत मोजलं होतं, पापांच्या खालच्या टोकाच्या चिनीत, चारदा, न चुकता. पापांचे ओठ माझ्याबरोबर मोजत होते.